रतलात चौदा औंस : स्पिटहेडच्या खलाशांचं प्रकरण (१७९७)

१७९७ च्या फेब्रुवारीअखेरीपासून लॉर्ड हाउ यांच्या टपालात एकाच धाटणीची पत्रं येऊ लागली. सत्तरी गाठलेले हे ब्रिटिश अ‍ॅडमिरल तेव्हा बाथ गावी पायाच्या दुखण्यावर उपचार घेत होते. इंग्लिश खाडीतल्या आरमाराचे ते नावाला प्रमुख. रोजचा कारभार लॉर्ड ब्रिडपोर्ट पाहत. पत्रं एकूण अकरा. जहाजं वेगवेगळी, मजकूर जवळपास तोच, आणि एकाही पत्राखाली सही नाही. साध्या खलाशांनी आपल्या जुन्या सेनापतीला विनवलं होतं की आमच्या पगारासाठी वर शब्द टाका.

काही आठवड्यांनी, १६ एप्रिलला, याच खलाशांनी पोर्ट्समथ बंदर आणि वाइट बेट यांच्यामधल्या स्पिटहेडच्या नांगरवाड्यात १६ मोठ्या युद्धनौका जागच्या जागी थांबवल्या. फ्रान्सशी युद्ध चालू होतं. महिनाभराने प्रकरण मिटलं तेव्हा पगार वाढलेला होता, अन्नाचं माप सुधारलं होतं आणि या बंडासाठी स्पिटहेडच्या एकाही खलाशाला फाशी झाली नव्हती.

अठराव्या शतकातल्या खलाशाचे हाल सांगताना वादळं, तोफा आणि स्कर्व्ही यांचीच वर्णनं पुढे येतात. मी हे प्रकरण निवडलं ते यासाठी की काय सोसवत नाही, हे इथे खलाशांनी स्वतः लिहून दिलं. त्यांच्या यादीत वादळ नाही, शत्रूची तोफही नाही. वजनकाटा आहे.

पार्श्वभूमी

ब्रिटिश आरमारात शांततेच्या काळात पंधरा-वीस हजार माणसं पुरत. १७९३ मध्ये फ्रान्सशी युद्ध जुंपलं आणि १७९७ पर्यंत पार्लमेंटने मंजूर केलेली संख्या १,२०,००० वर गेली. एवढी माणसं राजीखुशीने येणार नव्हती. मग वेठ. पकडपथकं बंदरांतल्या गल्ल्यांतून फिरत. परदेशातून परतणाऱ्या व्यापारी जहाजांवर ती समुद्रातच चढत आणि दोन वर्षांनी घराचा किनारा दिसू लागलेल्या माणसाला तिथूनच उचलून युद्धनौकेवर नेत. १७९५ पासून प्रत्येक परगण्याला ठराविक माणसं पुरवण्याचा कायदा झाला. या भरतीत नवख्या माणसाला कधीकधी ७० पौंडांपर्यंत बक्षिसी मिळे. युद्धाच्या सुरुवातीला आपणहून आलेल्या जाणत्या खलाशाला पाच पौंड मिळाले होते. दोघं एकाच तुळईखाली झोपत.

झोप म्हणजे कापडी झोळी. प्रत्येक झोळीला नियमाने १४ इंच रुंदी. पाळी चार तासांची असल्यामुळे शेजारची झोळी बहुधा रिकामी असे, म्हणून श्वास तरी घेता येई. खाली तोफांचा मजला, हवा कोंदट, कपडे ओले, आणि शे-सव्वाशे तोफांच्या जहाजावर आठशेच्या आसपास माणसं.

जेवणाचा तक्ता कागदावर चांगला भरगच्च होता. आठवड्याला ७ रतल बिस्किट, ४ रतल खारवलेलं गोमांस, २ रतल खारवलेलं डुकराचं मांस, वाटाणे, ओटचं पीठ, थोडं लोणी, चीज आणि रोज एक गॅलन बिअर. सोमवार, बुधवार, शुक्रवार बिनमांसाचे. या दिवसांना इंग्रज खलाशी ‘बनियन डे’ म्हणत. सुरतेकडच्या शाकाहारी वाण्यांवरून हे नाव पडलं. आपल्याकडचा वाणी असा त्यांच्या उपासाच्या दिवसांत जाऊन बसला. प्रत्यक्षात पिंपातलं मांस कधीकधी वर्षानुवर्षं जुनं असे आणि बिस्किट आधी आपटून त्यातले पोरकिडे झाडावे लागत.

खरा घोळ मापात होता. रतल, म्हणजे इंग्रजी पौंड, हा १६ औंसांचा. जहाजावर तो १४ औंसांचा धरत. पर्सर, म्हणजे जहाजाचा कोठीवाला, प्रत्येक रतलामागे दोन औंस ‘घट’ म्हणून ठेवून घेई. गळती, सड, उंदीर यांचा हिशेब म्हणून हा आठवा हिस्सा त्याला रीतसर मंजूर होता. यात चोरी लपवायची गरजच नव्हती. खलाशाला आपल्या ताटातून रोज सरासरी किती जातं ते ठाऊक होतं, आणि ते सरकारी संमतीने जातं हेही.

पगाराची गोष्ट आणखी जुनी. कसलेल्या खलाशाला २८ दिवसांच्या महिन्याला २४ शिलिंग, साध्या खलाशाला १९. हा दर क्रॉमवेलच्या काळातला, १६५३ च्या सुमाराचा. त्यातून ग्रीनिचचं रुग्णालय, जखमींचा निधी, पाद्री आणि वैद्य यांच्या नावाने दीड शिलिंग कापलं जाई. हातात येणारे साडेबावीस शिलिंग तरी दरमहा कुठे येत? सहा महिन्यांचा पगार मुद्दाम मागे ठेवत, म्हणजे माणूस पळणार नाही. जहाज मायदेशी येऊन हिशेब होईपर्यंत वर्षं जात. निकडीला आपल्या पगाराची चिठ्ठी दलालाला पडत्या भावात विकावी लागे. युद्धकाळात व्यापारी जहाजावर त्याच माणसाला याच्या दुप्पट-तिप्पट मिळालं असतं.

मरण कुठून येतं, हे खलाशाला आकड्यांशिवायही माहीत होतं. तरी आकडे पाहा. १७५६ ते १७६३ च्या सप्तवार्षिक युद्धात ब्रिटिश आरमारात सुमारे १,८५,००० माणसं घेतली गेली. लढाईत मेली १,५१२. रोगाने गेलेली आणि बेपत्ता मिळून १,३३,७०८. स्कर्व्हीवर लिंबू-संत्र्याचा गुण जेम्स लिंड यांनी १७४७ मध्ये जहाजावरच दाखवून दिला होता. सगळ्या आरमाराला लिंबाचा रस नियमाने मिळायला १७९५ उजाडलं. मधली ४८ वर्षं हिरड्या सुजून, दात गळून, जुन्या जखमा पुन्हा उकलून माणसं जात राहिली.

अडचण नेमकी कोणती

हे सगळं दीड शतक चालू होतं. मग १७९७ मध्येच काय झालं?

माझ्या मते तीन गोष्टी एकत्र आल्या. युद्धामुळे महागाई भडकली आणि किनाऱ्यावरच्या बायकापोरांचं भागेना. १७९५ मध्ये लष्कराच्या शिपायांना वाढ मिळाली. हे शिपाई काही जहाजांवर खलाशांच्या शेजारीच राहत होते, त्यामुळे ती वाढ ऐकीव राहिली नाही, डोळ्यांसमोर आली. तिसरी गोष्ट तांत्रिक आहे आणि म्हणून सहसा सुटते. १७८० च्या सुमारापासून जहाजांच्या तळांना तांब्याचे पत्रे ठोकू लागले. लाकडाला किडा लागेना, शेवाळ धरेना, आणि जहाज पूर्वीसारखं वरचेवर गोदीत घ्यावं लागेना. आरमाराला हे वरदान होतं. खलाशाच्या वाट्याला मात्र समुद्रावरचे महिने वाढले, आणि गोदीच्या निमित्ताने मिळणारे किनाऱ्याचे चार दिवस गेले.

किनाऱ्यावर सोडतच नसत. पळून जाईल ही भीती. जहाज बंदरात उभं राही आणि बायको होडीतून भेटायला येई. एका जहाजाचा हिशेब संपला की माणसाला तसाच दुसऱ्या जहाजावर ढकलत. जखमी होऊन उपचारासाठी उतरवलं तर पगार थांबे. लढाईत हात गेलेल्या माणसाचा बरा होईपर्यंतचा पगारही बंद होई, ही खंत त्यांच्या अर्जात स्पष्ट आहे.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय पळून जायचा. हजारोंनी तो घेतला. नोंदवहीत अशा माणसाच्या नावापुढे ‘आर’ हे अक्षर पडे, म्हणजे ‘रन’. त्या एका अक्षराने मागची सगळी थकबाकी बुडे. सापडला तर चाबूक किंवा फाशी.

दुसरा, कप्तानाकडे तक्रार. युद्धनियमांत अन्नाबद्दलची तक्रार शांतपणे वरिष्ठाच्या कानावर घालण्याची मुभा होती. एकट्याने करायची. चार जण मिळून गेले की तो जमाव, आणि जमावाला मरणाची शिक्षा. आता, एकट्या माणसाने कप्तानाला पगार वाढवायला सांगून काय होणार? कप्तानाच्या हातात तो नव्हताच. दर पार्लमेंटच्या हातात.

तिसरा, मारामारी. अधिकारी कापून काढायचे आणि जहाज घेऊन जायचं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वेस्ट इंडीजच्या समुद्रात ‘हर्मायनी’च्या खलाशांनी हेच केलं. त्यांचा कप्तान पिगट हा डोलकाठीवरून सर्वांत शेवटी उतरणाऱ्याला फटके मारायचा. घाईत उतरताना पोरं पडून मेली. खलाशांनी त्याच्यासह दहा अधिकारी मारले आणि जहाज स्पॅनिशांच्या हवाली केलं. पुढे कित्येक वर्षं त्यातल्या एकेकाला शोधून फासावर चढवण्यात आलं.

चौथा पर्याय म्हणजे सगळ्या आरमाराने एकदम, हत्यार न उगारता, नांगर उचलायला नकार द्यायचा. हा त्याआधी एवढ्या मोठ्या प्रमाणावर कोणी केलेला नव्हता. एका जहाजापुरता मात्र झाला होता, आणि त्याची आठवण सगळ्यांच्या मनात टोचत होती.

डिसेंबर १७९४ मध्ये याच स्पिटहेडला ‘कलोडन’ जहाजाच्या खलाशांनी, जहाज गळतंय, असल्या जहाजातून जाणार नाही, म्हणून स्वतःला खाली कोंडून घेतलं. एका वरिष्ठ अधिकाऱ्याशी बोलणी झाली, शिक्षा होणार नाही असं समजून ते वर आले. दहा जणांवर खटला भरला. आठ दोषी ठरले. पाच जणांना फाशी दिली. स्पिटहेडच्या खलाशांचा पुढचा जवळजवळ प्रत्येक निर्णय ‘कलोडन’ डोळ्यांसमोर ठेवून घेतलेला दिसतो.

पहिलं पाऊल : अर्ज

खलाशांनी हाउ यांनाच का लिहिलं? १ जून १७९४ च्या लढाईत त्यांच्याच हुकमाखाली हे लोक लढले होते. त्यांच्या ‘क्वीन शार्लट’ या जहाजाचे लोक पुढे चळवळीच्या आघाडीवर होते. त्यांना वाटलं, हा म्हातारा आपल्याला ओळखतो.

सही न करण्याचा निर्णय समजण्यासारखा आहे. सही करणारा पहिला फासावर गेला असता. पण त्याची किंमत लगेच भोगावी लागली. हाउ यांना ही एखाद्याच कुरापतखोराची करामत वाटली. तरी त्यांनी पत्रं फेकून दिली नाहीत. लॉर्ड ह्यू सीमोर यांना पोर्ट्समथला विचारायला सांगितलं, की आरमारात काही धुसफूस आहे का. सगळं ठीक असल्याचं उत्तर आलं. मार्चच्या उत्तरार्धात हाउ लंडनला आले तेव्हा त्यांनी पत्रं अ‍ॅडमिरल्टीकडे, म्हणजे नौदलाच्या मुख्य खात्याकडे, दिली. तिथे ती बाजूला ठेवली गेली. ब्रिडपोर्ट, ज्यांच्या जहाजांवरून ती आली होती, त्यांना कोणी कळवलंही नाही.

खलाशी वाट पाहत होते. उत्तर नाही. मग जहाजांजहाजांत निरोप फिरले आणि दिवस ठरला.

एप्रिलच्या मध्याला अ‍ॅडमिरल्टीला कुणकुण लागली. तिने उत्तर दिलं ते हुकमाने : जहाजं ताबडतोब समुद्रात काढा. माणसं दूर गेली की कट आपोआप विरेल, असा हिशेब. या प्रकरणातली ही सरकारची सर्वांत मोठी चूक, असं मी म्हणेन. हुकूम आला नसता तर नकार द्यायला जागा नव्हती.

१६ एप्रिल आणि पुढचा आठवडा

ईस्टरचा रविवार होता. नांगर उचलायचा इशारा झाला. ‘क्वीन शार्लट’चे खलाशी डोलकाठ्यांच्या दोरखंडांवर चढले आणि त्यांनी तीनदा जयघोष केला. एकेक करून सगळ्या जहाजांनी साद दिली. मग होड्या सुटल्या. प्रत्येक जहाजाने दोन प्रतिनिधी निवडले, एकूण ३२, आणि ते ‘क्वीन शार्लट’वर अ‍ॅडमिरलच्या दालनात बैठकीला बसले. आदल्या दिवसापर्यंत त्या दालनाच्या दारात पाऊल टाकायची त्यांची प्राज्ञा नव्हती.

त्यांनी घातलेले नियम वाचताना मन थक्क होतं. अधिकाऱ्यांचा मान नेहमीसारखा ठेवायचा. पहारे, रोजची कामं तशीच चालू. दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्याला शिक्षा. व्यापारी तांड्यांना संरक्षण देणारी लहान लढाऊ जहाजं अडवायची नाहीत. आणि फ्रेंच आरमार बाहेर पडल्याची खबर आली तर मागण्या बाजूला ठेवून लढायला जायचं. डिसेंबरमध्येच फ्रेंच आरमार आयर्लंडच्या बँट्री खाडीपर्यंत येऊन गेलं होतं आणि फेब्रुवारीत थोडं फ्रेंच सैन्य वेल्समध्ये उतरलं होतं. सरकारने पुढे या लोकांमागे फ्रेंच हेर शोधले. इतकी शिस्त साध्या खलाशांची असेल यावर त्यांचा विश्वास बसेना.

मागण्या अशा : पगार वाढवा. रतल १६ औंसांचा करा. अन्न चांगल्या प्रतीचं द्या. बंदरात असताना ताज्या मांसाच्या जागी पीठ देऊ नका, भाजीपाला द्या. आजाऱ्यांची नीट निगा राखा आणि त्यांच्या वाटणीच्या वस्तू मधल्यामध्ये लाटल्या जाऊ देऊ नका. बंदरात असताना घरच्यांना भेटायला सोडा. जखमी माणसाचा पगार तो बरा होईपर्यंत चालू ठेवा.

या यादीत काय नाही, ते पाहण्यासारखं आहे. वेठीची भरती बंद करा, असं नाही. चाबूक बंद करा, असंही नाही. हा मला सर्वांत कठीण निर्णय वाटतो. पाठीवर वळ घेऊन बसलेल्या माणसांनी चाबकाविषयी गप्प राहायचं ठरवलं. त्या दोन गोष्टींवर सरकार युद्धकाळात कधीही हलणार नाही आणि देशाची सहानुभूतीही जाईल, हे त्यांनी ओळखलं असणार. मागितलं ते सगळं तराजूत आणि नाण्यांत मोजता येणारं होतं, आणि न्यायाचं म्हणून कोणालाही पटणारं. पण त्या गप्प राहण्याची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली : वेठीची भरती १८१५ मध्ये युद्धं संपल्यावर थांबली आणि चाबूक शांततेच्या काळापुरता १८७१ मध्ये, युद्धकाळासाठी १८७९ मध्ये बाजूला ठेवला गेला.

१८ एप्रिलला नौदलमंत्री लॉर्ड स्पेन्सर स्वतः पोर्ट्समथला आले. त्यांनी कसलेल्या खलाशाला ४ शिलिंग आणि साध्याला ३ शिलिंग वाढ देऊ केली. नकार आला. दोन दिवसांत वाढ साडेपाचवर गेली. साडेबावीसमध्ये साडेपाच मिळवले की २८ दिवसांचे २८ शिलिंग होतात, दिवसाला बरोबर एक शिलिंग. रतलही १६ औंसांचा करायचं कबूल झालं. लढाई इथे जिंकल्यासारखी होती.

२१ एप्रिलला अ‍ॅडमिरल गार्डनर ‘क्वीन शार्लट’वर समजूत घालायला गेले. बोलणी जवळजवळ पुरी होत आली होती. एवढ्यात प्रतिनिधींपैकी काहींनी आठवण दिली : राजाचा माफीनामा, म्हणजे शिक्षा माफ केल्याचा कागद, हाती आल्याशिवाय कामावर जायचं नाही. गार्डनर यांचा तोल गेला. तुम्ही भित्रे आहात, फ्रेंचांना घाबरून दडून बसला आहात, दर पाचव्या माणसाला फाशी देईन, असं ते ओरडले. खलाशांनी त्यांना धक्के देत जहाजाबाहेर काढलं. ब्रिडपोर्ट यांच्या ‘रॉयल जॉर्ज’वर लाल निशाण चढलं.

माफीनाम्यावर अडून बसणं हा हेकटपणा आहे असं गार्डनर यांना वाटलं. ‘कलोडन’ची कहाणी माहीत असलेल्या कोणालाही तसं वाटणार नाही. तोंडी शब्दावर विसंबून पाच जण गेले होते. दुसऱ्या दिवशी विंडसरला तिसऱ्या जॉर्ज राजाने माफीनाम्यावर सही केली; २३ तारखेला ब्रिडपोर्ट यांनी तो जहाजावर वाचून दाखवला आणि खलाशी कामावर परतले.

७ मे

मग दोन आठवडे काहीच घडलं नाही. पगारासाठी पार्लमेंटची मंजुरी लागणार होती आणि ती कागदांच्या वाटेने सावकाश चालली होती. मेच्या सुरुवातीला लॉर्ड्सच्या सभागृहात विचारणा झाली, तेव्हा मंत्र्यांनी विषयावर बोलायचं टाळलं. वर्तमानपत्रांतून ते जहाजांवर पोचलं. भरीला १ मे चा अ‍ॅडमिरल्टीचा एक हुकूम : पुन्हा गडबड झाली तर ती मोडून काढायला कप्तानांनी शस्त्रांनिशी तयार राहावं. हा हुकूमही फुटला. खलाशांनी दोन आणि दोन चार केले. आपल्याला फसवलं.

७ मे रोजी पुन्हा नकार. ‘लंडन’ जहाजावर अ‍ॅडमिरल कोल्पॉइज यांनी ठरवलं की प्रतिनिधींना चढू द्यायचं नाही. खलाशांना खालच्या मजल्यावर पाठवलं, वर अधिकारी आणि सागरी शिपाई. काही खलाशी एक तोफ अधिकाऱ्यांच्या दिशेने वळवू लागले. लेफ्टनंट बोव्हर यांनी ताकीद दिली आणि मग गोळी झाडली. पहिला खलाशी कोसळला. दोन्हीकडून गोळ्या सुटल्या, आणखी काही मेले. सागरी शिपायांनी बंदुका टाकल्या.

बोव्हर यांच्या गळ्यात दोर पडला होता. त्याच क्षणी कोल्पॉइज पुढे झाले आणि म्हणाले, हुकूम माझा होता. प्रतिनिधींनी तो हुकूम पाहायला मागितला. अ‍ॅडमिरल्टीचा कागद त्यांच्या हातात आला. खलाशांपैकीच काहींनी बोव्हर यांची बाजू मांडली, आणि गळ्यातला दोर काढला गेला.

मी या प्रसंगापाशी दरवेळी थांबतो. आपल्या सोबत्यांची प्रेतं समोर पडलेली असताना, दोर हातात असताना, त्या माणसांनी कागद वाचून मग ठरवलं. तो माणूस त्या दिवशी लटकला असता तर सरकारला हवं असलेलं कारण मिळालं असतं आणि पुढची सगळी बोलणी तोफांच्या तोंडी गेली असती. हे त्यांना कळत होतं, की रक्त पाहून हात थांबले, हे मला ठरवता येत नाही.

हाउ होडीत बसतात

आता पार्लमेंट धावलं. ८ मेला पंतप्रधान पिट यांनी ३,७२,००० पौंडांची मागणी मांडली आणि दुसऱ्या दिवशी कायदा राजाच्या संमतीसह पुरा झाला. दोन आठवडे रखडलेलं काम दोन दिवसांत होऊ शकत होतं, हे यातून उघड झालं.

कायदा घेऊन कोणाला पाठवायचं? इथे सरकारने पहिला शहाणा निर्णय घेतला. हाउ. पायांनी धड चालवत नसताना हे ७१ वर्षांचे अ‍ॅडमिरल होडीतून एकेका जहाजावर गेले. त्यांनी कायदा दाखवला, नवा माफीनामा दाखवला, ऐकून घेतलं. शेवटची अडचण अधिकाऱ्यांची होती : खलाशांनी जाचक अधिकाऱ्यांना किनाऱ्यावर उतरवलं होतं आणि ते परत नकोत असा हट्ट होता. हाउ यांनी पन्नासहून जास्त अधिकाऱ्यांच्या बदल्या मान्य केल्या. त्यांत कोल्पॉइजही होते. लष्करी शिस्तीच्या पुस्तकात हे बसत नाही आणि त्यांच्यावर त्यासाठी टीकाही झाली. मला वाटतं, चाबकाविरुद्ध जे खलाशी लिहू शकले नव्हते, ते त्यांनी इथे नावानिशी करून घेतलं. चाबूक उठला नाही; चाबकाला सोकावलेले काही हात तरी बाजूला झाले.

१५ मेला मेजवानी झाली. प्रतिनिधींनी हाउ यांना खांद्यावर उचलून नेलं. एक-दोन दिवसांत आरमार फ्रेंचांच्या शोधात निघालं.

निष्पत्ती

स्पिटहेडला जे मिळालं ते सगळ्या आरमाराला लागू झालं. पण थेम्सच्या मुखाशी, नोर इथल्या जहाजांवर १२ मेला सुरू झालेलं बंड थांबलं नाही. तिथे मागण्या वाढल्या, लंडनची जलवाहतूक अडवली गेली, आणि स्पिटहेडचा पाठिंबा तर केव्हाच संपला होता. देश उलटला, जहाजं एकेक करून फुटली. पुढारी रिचर्ड पार्करला ३० जूनला जहाजाच्या आडव्या काठीवरून फाशी दिली. त्याच्यामागून वीसहून जास्त जण गेले. ऑक्टोबरमध्ये कँपरडाउनच्या लढाईत डच आरमाराला हरवणाऱ्यांत त्याच उन्हाळ्यात बंड केलेली जहाजं होती.

मुंबईकर वाचकाला इथे १९४६ चं नाविकांचं बंड आठवेल. १८ फेब्रुवारीला कुलाब्याच्या ‘तलवार’ या नाविक केंद्रावर जे पेटलं त्याची ठिणगीही ताटातल्या अन्नातच होती, आणि तिथेही आधी तक्रारी करून झाल्या होत्या. काळ वेगळा, राज्य परकं, मागणी पुढे फार मोठी झाली. पण निकृष्ट जेवण वाढून वर शिस्त मागितली की नाविकाला काय वाटतं, ते दोन्हीकडे सारखंच होतं. कोकणातल्या कितीतरी घरांतला मुलगा आजही जहाजावर असतो. त्याच्या फोनवर आई पहिला प्रश्न जेवणाचाच विचारते.

वेगळं काय करता आलं असतं

खलाशांच्या बाजूने मला एकच जागा दिसते. अर्ज फक्त हाउ यांना न पाठवता त्याच वेळी ब्रिडपोर्ट यांनाही दिले असते, तर ‘आम्हाला माहीत नव्हतं’ असं म्हणायला कोणी उरलं नसतं. सही करणं शक्य नव्हतं. पण प्रत्येक जहाजाचा एकेक ठळक पुरावा, म्हणजे कोणत्या महिन्यात किती अन्न कमी मिळालं असा हिशेब, जोडता आला असता. अकरा सारख्या पत्रांपेक्षा अकरा वेगळे हिशेब एका माणसाची करामत वाटले नसते. अर्थात, कमी लिहिता-वाचता येणाऱ्या माणसांनी तोफांच्या मजल्यावर, मेणबत्तीपाशी, लपून हे लिहिलं. मी सांगतोय ते खुर्चीत बसून.

सरकारच्या बाजूने चुका जास्त आणि सोप्या. जहाजं काढायच्या हुकमाने नकाराला मुहूर्त दिला. कबूल केलेले पैसे दोन आठवडे लांबवले आणि त्याच दिवसांत बळाचा हुकूम काढला. ‘लंडन’वरचे मृत्यू त्या दोन कागदांच्या मधल्या फटीतून आले. ९ मेचा कायदा २५ एप्रिलला करता आला असता.

आणि सर्वांत आधी, मार्चमध्ये. आरमारात धुसफूस आहे का, या हाउ यांच्या प्रश्नाची पोर्ट्समथला चौकशी झाली आणि ‘सगळं ठीक’ असं उत्तर लंडनला गेलं. प्रश्न अधिकाऱ्यांच्या वर्तुळात फिरला, तिथूनच परतला. खालच्या मजल्यावर जाऊन काट्यावर एक रतल मांस ठेवून पाहायला कोणी सांगितलं नाही. ते दोन औंस कोणत्याही दिवशी, कोणत्याही जहाजावर, पाच मिनिटांत दिसले असते.